एका रात्रीत माना टाकलेले टोमॅटोचे झाड



मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या मुलुंडच्या वस्तीतील एक आजी समोर आल्या. "भाऊ, जरा घरी चला. झाडाला काय झालंय ते बघा, अन् हिला चार शब्द सांगा." 'हिला' म्हणजे सुनेला, हे घरी गेल्यावर कळले.

दारात रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, आणि तीत कमरेइतके वाढलेले टोमॅटोचे झाड. पाने हिरवीगार, पण सगळी खाली लोंबलेली. आदल्या दिवशी दुपारी शेंड्याने मान टाकली, संध्याकाळी झाड जरा सावरले, आणि सकाळी उठून बघतात तर सगळेच बसलेले. सुपारीएवढी फळे धरली होती. आजींचे म्हणणे असे की सुनेची पाळी सुरू होती आणि तिने त्या दिवसांत झाडाला पाणी घातले. "चार दिवस लांब राहा म्हनलं होतं, ऐकलं न्हाई." शेजारच्या एका बाईने दृष्ट लागल्याचे निदान करून लिंबू-मिरची बांधायला सांगितले होते, ते वेगळेच. सून मोरीत भांडी घाशीत होती. वर बघत नव्हती. तिची सातवीतली मुलगी मात्र दारात उभी राहून सगळे ऐकत होती.

आम्ही त्या मुलीकडे काचेचा एक स्वच्छ ग्लास आणि सुरी मागितली. झाड तर गेलेच होते. बुडाजवळचा दोन बोटे लांबीचा खोडाचा तुकडा कापला, ग्लासात नितळ पाणी घेतले आणि तुकड्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल असा तो चिमटीत धरून ठेवला. दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. मग कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा बारीक धागा पाण्यात उतरू लागला. मुलगी ओरडलीच, "आजी, दूध!" ते दूध नव्हे. झाडाच्या आतल्या नळ्यांत भरलेल्या जिवाणूंचा तो लोंढा. या रोगाला जिवाणूजन्य मर म्हणतात आणि जिवाणूचे शास्त्रीय नाव राल्स्टोनिया सोलानेसिरम. तो मातीतून मुळांत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या बुजवून टाकतो. खाली माती ओली आणि वर झाड तहानेने मरते. पाने पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही, म्हणून झाड हिरवेच्या हिरवे बसते आणि लोकांना दृष्टीचा संशय येतो.

मग आम्ही विचारले, "माती कुठली?" उत्तर मिळाले की मुलगा कर्जतकडे पाहुण्यांकडे गेला होता, त्यांच्या वांग्याच्या वावरातून त्याने गोणीभर माती आणली. तिथेच गाडे अडले होते. वांगी, मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडे. हा जिवाणू या सगळ्यांना धरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. कोकणातल्या उष्ण, ओल्या, आम्लधर्मी मातीत त्याने जुने ठाण मांडले आहे. आजींनी ग्लास उजेडात धरून दोनदा पाहिला आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "मग माती आनली कुनी?"

सुनेकडून रोख मुलावर गेला खरा, पण त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि पाळीतल्या बाईचा हात लागून झाडे मरत असती, तर या देशात एक पीक उभे राहिले नसते. लावणी, खुरपणी, निंदणी, तोडणी कोणाच्या हातांनी होते? आपल्या आया-आज्या महिन्याचे सगळे दिवस परक्यांच्या शेतात राबल्या. तेव्हा कोणत्या मालकाने त्यांना चार दिवस भरपगारी सुट्टी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्यानंतर चार-पाच घरांतून विचारणा झाली, म्हणून आजचे सदर बादलीतल्या टोमॅटोसाठी. आम्ही शेतकी शाळेत शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर कारकून. पण आठ वर्षे गच्चीवर आणि खिडकीत टोमॅटो लावतो, आणि त्याची वही ठेवतो. वहीतला पहिला धडा हा, की बादलीतले झाड औषधाने जगत नाही. निम्मी दुखणी मातीतून येतात, उरलेली बहुतेक पाण्याच्या वेळेतून. औषधाची पाळी आली म्हणजे आधी कुठेतरी आपण चुकलेलो असतो.

माती कुठून आणायची हा मुंबईत मोठाच प्रश्न. डम्पिंगच्या कडेची काळीभोर माती फुकट मिळते म्हणून कोणी आणत असेल तर तिला हात लावू नका. मुलुंडचे डम्पिंग २०१८ साली बंद झाले, देवनारचे तर १९२७ पासूनचे. तिथल्या कचऱ्यात बॅटऱ्या, नळ्या, रंगांचे डबे कुजलेले आहेत, आणि त्यातले शिसे व इतर जड धातू मातीत उतरतात. फुलझाडाला चालेल, पण पोराच्या पोटात जाणाऱ्या भाजीला नाही. नाल्याकाठचा गाळ, इमारत पाडलेल्या जागेची माती आणि खाडीलगतची खारट माती, यांनाही तोच न्याय. बादल्यांचेही तसेच. भंगारवाल्याकडे निळी पिंपे स्वस्त मिळतात, पण त्यात आधी काय होते हे त्याला नक्की सांगता आले नाही तर घेऊ नयेत. रंगाची बादली पाण्यात विरघळणाऱ्या भिंतीच्या रंगाची असावी आणि घासून धुवावी.

नर्सरीतली लाल माती चालते, पण एकटी नाही. कुंडीत नुसती लाल माती भरली की दोन महिन्यांत तिचा वीटभट्टीचा कच्चा माल होतो. वरून पाणी घातले की ते कडेने वाहून खाली जाते आणि मधला गोळा कोरडा राहतो. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग हलका भुसभुशीत माल. हा हलका माल म्हणजे कोकोपीट, किंवा फुकट हवा असेल तर कुजलेला पालापाचोळा. कोकोपीट दोनदा धुऊन घ्यावे, त्यात मीठ असते. शेणखतासाठी जोगेश्वरी-गोरेगावकडच्या वाचकांना तबेले जवळ आहेत, आरेमध्येही म्हशी आहेत. पण तिथून ताजे शेण आणून थेट बादलीत घालू नये, मुळे भाजतात. तीन महिने झाकून कुजवावे. हाताला गरम लागत नाही आणि शेणाचा वास जाऊन पावसानंतरच्या जमिनीचा वास येतो, तेव्हा ते तयार झाले. कोकणची माती आम्लाकडे झुकलेली असते, म्हणून वीस लिटरच्या बादलीला चहाचा एक चमचा पानाचा कोरडा चुना लावणीच्या दोन आठवडे आधी मिसळावा. जास्त नको.

रसवंतीची चिपाडे हाही मुंबईकरांचा जुना खजिना आहे. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुने टायर आणि अगदी थोडी माती यांवर भाज्या-फळे काढून दाखवली होती. तिकडे गोदीत, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग उभी राहिली. रोज हजारो कामगारांचा स्वयंपाक होणारे ते ठिकाण. भाजीची देठे आणि साली बाहेर फेकण्याऐवजी गच्चीवर चढल्या. त्यांनी कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोलकरांची रीत वापरली. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ आणि दहा लिटर पाणी तीन दिवस आंबवायचे, मग दहापट पातळ करून त्यात सुका पाला भिजवायचा आणि मातीच्या पातळ थरांबरोबर रचून कुजवायचा. इथे गोमूत्र आले म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. त्यात पावित्र्याचा काही संबंध नाही. त्यात नत्र असते, एवढेच. मात्र चिपाडे कच्ची घालू नका. कच्ची चिपाडे कुजताना मातीतले नत्र स्वतःच खातात आणि झाड पिवळे पडते. शिवाय गोडाला मुंग्या येतात.

आता छिद्रांचे. बादलीच्या बुडाला आठ-दहा छिद्रे आणि बुडापासून दोन बोटे वर बाजूंना चार. खाली खडी किंवा विटांचे तुकडे घालायची आपली जुनी सवय आहे. पाणी लवकर निघते म्हणतात. ते खरे नाही. घरी करून पाहा. भांडी घासायचा स्पंज पाण्याने भरून हातावर आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. म्हणजे ओल्या मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर नेहमीच अडकून राहतो, आणि माती जितकी उंच तितकी मुळे त्याच्यापासून दूर. खडी घातली की तोच थर वर सरकतो आणि मुळांना जागा कमी उरते. छिद्रांवर जाळीचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवा, बस्स. वीस लिटरची बादली एका झाडाला. पंधरा किलो तेलाचा डबाही चालतो, पण पत्रा एप्रिलमध्ये तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळावे. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर ओली भरलेली बादली वीस किलोंच्या वर जाते, हे लक्षात घेऊनच ठेवा. ग्रिल भिंतीत किती खोल बसवले आहे ते आधी पाहा. खालून माणसे चालतात.

खताच्या बाबतीत आमच्या वस्तीत एक प्रसंग घडला तो सांगण्यासारखा आहे. नर्सरीवाल्याने हाडांच्या खताची पिशवी दिली होती. ते ऐकून एक वयस्कर मावशी संतापल्या. "मेलेली ढोरं वढायचं काम बाबासाहेबांच्या सांगन्यानं सोडलं आपल्या बाप-आज्यानं, अन् आता पैसे देऊन हाडं घरात आनायची?" आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वास आठवतो; आम्हाला फक्त पिशवी दिसते. खताच्या दृष्टीने सांगायचे तर हाडाच्या भुकटीत स्फुरद आणि चुना असतो, पण तो इतका सावकाश सुटतो की चार महिन्यांच्या पिकाला त्याचा फारसा हिस्सा मिळत नाही. चांगले शेणखत असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. मावशींचेच खरे धरून आम्हीही ती पिशवी पुन्हा आणली नाही.

भरतानाच दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. पुढे दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळ खत वरून घालून माती हलकेच उकरावी. विकतचे खत वापरायचे असेल तर पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधे पाणी घालून मग. फुले लागल्यावर पालाश जास्त असलेले घ्यावे. युरिया बादलीच्या जवळ आणू नका. युरियाने झाड रानटी वाढते, पाने हाताएवढी होतात आणि फळ धरत नाही. वर अशा लुसलुशीत पानांवर मावा आणि पांढरी माशी जत्रेसारखी जमते. चहाची पत्ती धुऊन, साखर-दूध काढून घालायला हरकत नाही. अंड्याची टरफले घालण्याने टोमॅटोला चुना मिळतो असे सगळेच सांगतात, पण ती कुजायला वर्ष लागते.

या चुन्यावरून आठवले. पुष्कळ घरी फळ धरते, मोठे होते आणि देठाच्या उलट बाजूला काळे, चामड्यासारखे पडते. किडीचा संशय घेऊन लोक औषध मारतात. तो रोग नाहीच. फळाच्या टोकापर्यंत चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम पोचत नाही, आणि तो पाण्याबरोबरच जात असल्यामुळे पाण्यात खंड पडला की पोचत नाही. मातीत चुना भरपूर असूनही असे होते. आपल्याकडे नळाला पहाटे तास-दोन तास पाणी येते. ज्या घरची बाई आणि पुरुष दोघेही कामावर, तिथे एक दिवस बादली भरून, दुसऱ्या दिवशी विसरून, तिसऱ्या दिवशी दुप्पट असा प्रकार होतो. टोमॅटोला हा अनियमितपणा चालत नाही, फळे तडकतातही. नळाला पाणी आले की पिण्याचे भरून झाल्यावर लगेच झाडाला, असा क्रम लावून टाका. आधी बोट दोन पेरे मातीत खुपसा. ओले लागले तर पाणी नको. मार्चनंतर मात्र सकाळ-संध्याकाळ लागते. पाणीकपात असेल तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेले पाणी द्यावे. साबणाचे नको. सुकी मासळी धुतलेले तर अजिबात नको. एका घरी बोंबील धुतलेल्या पाण्याने महिनाभर झाड पोसले, आणि मिठाने पानांच्या कडा करपल्या.

कुंडीखालच्या ताटलीकडे महापालिकेची माणसे पावसाळ्यात येऊन बघतात, ते उगाच नाही. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. ताटली आठवड्यातून एकदा तरी पालथी घालून, घासून कोरडी करा. घासलीच पाहिजे, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. नाहीतर टोमॅटो पिकेल आणि घरात ताप येईल.

लावणीची वेळ आपल्या घरच्या कॅलेंडरवर अशी बसते. वर्षावास सरत आला, सप्टेंबरचा मध्य झाला, की बी पावसाच्या आडोशाला पेरावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, १४ ऑक्टोबरच्या सुमारास रोप बादलीत लावावे, खालच्या पानांपर्यंत खोल. मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो तेव्हा झाडावर हिरवी फळे दिसावीत. १ जानेवारीच्या आसपास पहिला लाल टोमॅटो. १४ एप्रिलपर्यंत झाड थकते, कारण रात्री गरम झाल्या की परागच नीट तयार होत नाहीत आणि फुले गळतात. जुलैत लावू म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा वस्तीत दहा जणांनी बी आणले होते. पावसात एकही झाड टिकले नाही. भाव वाढतात तोच काळ झाडाला सर्वांत वाईट असतो, म्हणून तर भाव वाढतात. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच टोमॅटोला भाव नाही म्हणून नाशिक-औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले होते, तेही विसरू नये.

ऊन थेट सहा तास हवे. झोपडीच्या दारात किंवा चाळीच्या गच्चीवर ते मिळते. पण पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्यांचे काय? दोन इमारतींमध्ये इतके कमी अंतर, की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. पक्के घर मिळाले, ऊन गेले. अशा ठिकाणी एका रविवारी सकाळी आठपासून चारपर्यंत दर तासाला खिडकीत ऊन आहे की नाही याची कागदावर खूण करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली, मग पूर्वेची. चारपेक्षा कमी खुणा झाल्या तर टोमॅटोचा नाद सोडून पुदिना किंवा अळू लावा. ऊन कमी म्हणून खत वाढवले तर झाड फक्त लांबते.

बंद गॅलरीत वारा नसतो, आणि टोमॅटोचे फूल स्वतःचे स्वतः फळत असले तरी त्याला हलवावे लागते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या देठावर बोटाने टिचकी मारावी. आमच्याकडे हे काम नातेवाइकांची लहान पोरे आवडीने करतात, कधीकधी जरा जास्तच आवडीने.

रोगांपैकी करपा ओळखायला सोपा. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यात एकात एक वर्तुळे. त्याचे बीजाणू मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानावर उडतात. म्हणून मातीवर सुक्या पाल्याचा थर पसरावा, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने कापून टाकावीत, पाणी बुडाशी आणि सकाळी घालावे, आणि झाड काठीला बांधावे. एवढ्याने बहुतेक भागते. वाढलाच तर दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या भांड्यात, मग दोन्ही एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पाहावा; त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा. त्याच दिवशी फवारावे. फळे आली असतील तर धुऊनच खावीत. ढेकूण-झुरळांचा फवारा झाडावर मारू नये आणि शेतीचे कोणतेही विष थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. एका खोलीच्या घरात बाटली कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

पाने आक्रसून वर वळली आणि झाड खुजे राहिले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. ते झाड बरे होत नाही, उपटून पिशवीत बांधून टाकावे. माशीसाठी पिवळ्या पत्र्याला एरंडेल किंवा ग्रीस फासून झाडाजवळ टांगावा, आणि लिटरला पाच मिली कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारावे.

आणखी एक, पुरुष वाचकांसाठी. तंबाखू टोमॅटोच्याच कुळातली. तिच्यातला मोझॅक नावाचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. हातावर मळून झाल्यावर तोच हात झाडाला लावला की पानांवर हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. साबणाने हात धुऊनच झाडाकडे जावे. पाळीच्या हाताने झाड मरत नाही, पण तंबाखूच्या हाताने आजारी पडते, हे आम्ही त्या घरातही सांगितले. आजी गालातल्या गालात हसल्या. मुलगा खिशातली पुडी चाचपत बाहेर गेला.

मरीवर मात्र औषध नाही. रोगट झाड आणि ती माती खतात मिसळू नये. हात, सुरी आणि बादली ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. माती टाकायला जागा नसेल तर त्यात दोन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची लावू नये. मेथी, कोथिंबीर, मुळा चालतो. एप्रिल-मे महिन्यांत ती माती ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्यावर किंवा गच्चीवर चार-सहा आठवडे उन्हात ठेवली तर रोगाचा जोर पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. बी घेताना बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण मिळाला तर घ्यावा. लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तो बऱ्यापैकी दाद देत नाही. संकरित असल्यामुळे त्याचे बी धरून पुढच्या वर्षी लावू नये.

पैशांचे म्हणाल तर आमची वही प्रामाणिक आहे. पहिल्या वर्षी पाच बादल्यांवर ११४० रुपये गेले आणि साडेसहा किलो टोमॅटो आले, म्हणजे किलोला पावणेदोनशे पडले. आमच्या पत्नीने तो आकडा वहीत वाचून "यात भाजीवालीला दुवा द्या" एवढेच म्हटले. दुसऱ्या वर्षी बादल्या-माती तीच, खर्च ३०० आणि माल नऊ किलो. बचत होते म्हणून कोणी यात पडू नये, निदान पहिल्या वर्षी नाही.

त्या घरची बादली धुऊन झाली. लिंबू-मिरची बांधली गेली नाही. सातवीतल्या मुलीने ग्लासाचा प्रयोग शाळेच्या वहीत चित्रासह लिहून घेतला आणि बाईंना दाखवला. जुन्या मातीत सुनेने मेथी पेरली. फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा ती म्हणाली, "यंदा माती नर्सरीतून आणीन, आणि लवकर लावीन." आजी दारात बसून मेथी खुडत होत्या. म्हणाल्या, "आधी ही तर संपू दे."